संधिकालीन बेकारी : विठ्ठलवाडीच्या आसमंतांतील उद्योगपालटाचा विचार

(१) प्रस्तावना

एखादा उद्योग केव्हां निघाला, कोणीं काढला आणि केव्हां बुडाला, या तीन गोष्टींची नोंद आपल्या इतिहासग्रंथांत बहुधा सांपडते. त्याच जागीं किंवा शेजारीं दुसरा उद्योग उभा राहिला, हेंही पुढील प्रकरणांत सांगितलेलें असतें. परंतु पहिल्या उद्योगांतून सुटलेला मनुष्य दुसऱ्या उद्योगांत शिरेपर्यंत मध्यें जो काळ गेला, त्या काळांत त्यानें काय केलें, तो शिरला कीं बाहेरच राहिला, हें सांगणारें प्रकरण सहसा लिहिलेलें नसतें. दोन प्रकरणांमधली कोरी जागा म्हणजेच तो काळ. या कोऱ्या जागेविषयीं आमच्या राहत्या ठिकाणच्या आधारानें कांहीं विवेचन करावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विठ्ठलवाडी हें कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पहिलें स्थानक. एका अंगास कल्याण पूर्वेची वस्ती, दुसऱ्या अंगास उल्हासनगर, आणि जवळून वालधुनी नदी वाहते. स्थानक लहान आहे. परंतु त्याच्या भोंवतीं चार-पांच कोसांच्या आंत खाडीचें बंदर, घाटाची वाहतूक, रेल्वे, लष्करी छावणी, निर्वासितांची वसाहत, रेयॉनचे कारखाने आणि यंत्रमाग इतक्या उद्योगांचे थर एकावर एक बसले आहेत. प्रत्येक थर बसतांना खालच्या थरांतील माणसांचें काय झालें, असा प्रश्न येथें पावलोपावलीं उभा राहतो.

(२) बेकारीचे प्रकार

बेकारी हा एकच शब्द आपण अनेक भिन्न स्थितींस लावतों. भाताची कापणी आटोपली म्हणजे शेतमजूर पुढील पावसाळ्यापर्यंत रिकामा बसतो, ती हंगामी बेकारी. सर्वच धंद्यांस एकदम ओहोटी लागून मालास गिऱ्हाईक मिळेनासें होतें, तेव्हां जी येते ती मंदीची बेकारी. तिसरा प्रकार याहून निराळा आहे. त्यांत काम अजीबात नाहींसें झालेलें नसतें. तें एका उद्योगांतून उठून दुसऱ्या उद्योगांत गेलेलें असतें. लोकांनीं एक जिन्नस घेण्याचें सोडून दुसरा घेण्यास आरंभ केला, नवें यंत्र निघालें, व्यापाराचा मार्ग बदलला, जमिनीची किंमत चढली, किंवा राज्यकर्त्यांची आज्ञा निघाली, म्हणजे एका ठिकाणचे हात मोकळे होतात आणि दुसऱ्या ठिकाणीं हातांची गरज उत्पन्न होते. वहीवर जमाखर्च बरोबर जुळतो. प्रत्यक्षांत मात्र मोकळे हात आणि मोकळीं कामें यांची गांठ लवकर पडत नाहीं. अर्थशास्त्रांत हिच्या सौम्य रूपास घर्षणजन्य व तीव्र रूपास संरचनात्मक बेकारी अशीं नांवें आहेत. दिवस मावळला आहे, पण रात्र अजून पडली नाहीं, अशा वेळेस आपण संधिकाल म्हणतों. तोच शब्द येथें योजून आम्ही दोन्ही रूपांस मिळून संधिकालीन बेकारी म्हणतों.

गांठ न पडण्याचीं कारणें मुख्यतः चार आहेत. पहिलें वार्तेचें अंतर : काम कोठें आहे हें काम मागणाऱ्यास ठाऊक नसतें. दुसरें स्थळाचें : काम ठाऊक असतें, पण तें दूर असतें, आणि घरदार, मुलांची शाळा व म्हातारीं माणसें यांस सोडून जातां येत नाहीं. तिसरें कौशल्याचें : काम जवळ असतें, पण हातास त्याची संवय नसते. चवथें वयाचें : शिकण्याची तयारी असूनही पंचेचाळिशी ओलांडलेल्या उमेदवारास नवा धनी घेत नाहीं.

या बेकारीस ग्रंथकार तात्पुरती म्हणतात. इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो याचा प्रथम असा समज होता, कीं यंत्रांमुळें अखेर सर्वांचेंच हित होतें. परंतु आपल्या ग्रंथाच्या १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तींत यंत्रांवर एक नवें प्रकरण घालून त्यानें तें मत बदलल्याचें उघड कबूल केलें; यंत्रामुळें मजूरवर्गाचें नुकसान होऊं शकतें, हें त्यास मान्य करावें लागलें. पुढें १९०९ मध्यें बेव्हरिज यानें बेकारीवर ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ जन्मानें बंगालमधील रंगपूरचा, १८७९ सालचा. बेकारी हा व्यक्तीच्या आळसाचा दोष नसून उद्योगांच्या रचनेचा प्रश्न आहे, असें त्याचें प्रतिपादन होतें. आणि वार्तेचें अंतर तोडण्यासाठीं कामगार आणि मालक यांची गांठ घालून देणाऱ्या सरकारी कचेऱ्या असाव्यात, हा त्याचा मुख्य उपाय. १९१० पासून इंग्लंडांत तशा कचेऱ्या उघडल्या गेल्या. तात्पुरती हा शब्द कोणाच्या दृष्टीनें खरा आणि कोणाच्या दृष्टीनें खोटा, हें या लेखाच्या ओघांत पाहावयाचें आहे.

(३) प्राचीन काळचे दोन दाखले

कल्याण हें सातवाहनकालीं भरभराटीचें बंदर होतें. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्यें कल्याणचे व्यापारी व सोनार आढळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनांत मात्र या बंदराविषयीं निराळी हकीकत आहे : तेथें अडथळा उत्पन्न झाल्यामुळें चुकून आलेलें ग्रीक गलबत पहाऱ्यांत भरुचास नेलें जाई. इतिहासकार या वाक्यावरून क्षत्रप व सातवाहन यांच्या झगड्याचा विचार करतात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच वाक्याचा दुसरा अर्थ असा, कीं धक्क्यावरचें काम कल्याणहून उठून भरुचास गेलें. भरुचास त्या दिवशीं हमालांची वाण पडली असेल आणि कल्याणास हमाल रिकामे बसले असतील. काम नष्ट झालें नाहीं, त्यानें स्थळ बदललें. आणि माणूस गलबताइतका सहज हलत नाहीं.

दुसरा दाखला माळव्यांतील मंदसोर, म्हणजे प्राचीन दशपुर, येथील शिलालेखाचा. वत्सभट्टि नामक कवीनें रचलेल्या या संस्कृत लेखांत रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी लाट देशांतून, म्हणजे दक्षिण गुजराथेंतून, दशपुरास येऊन राहिल्याचें सांगितलें आहे. तेथें आल्यावर कित्येकांनीं विणकाम चालू ठेवलें. इतर कोणी धनुर्विद्येंत, कोणी कथा सांगण्यांत, कोणी ज्योतिषांत प्रवीण झाले. मालव संवत् ४९३ मध्यें, म्हणजे इ. स. ४३६ च्या सुमारास, या श्रेणीनें सूर्याचें मंदिर बांधलें, आणि छत्तीस वर्षांनीं संवत् ५२९ मध्यें त्याचा जीर्णोद्धार केला.

पाठ्यपुस्तकांत हा लेख गुप्तकालीन काव्याचा नमुना म्हणून येतो. आम्हांस तो एका समग्र धंदेवाईक समाजाच्या स्थलांतराचें व वृत्तिपालटाचें प्रमाणपत्र वाटतो. यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं ते लोक सुटे सुटे आले नाहींत, श्रेणी म्हणून एकत्र आले. आणि ज्यांनीं विणकाम सोडलें तेही श्रेणींतून निघाले नाहींत. धंदा बदलला तरी संघ टिकला, म्हणून नव्या वृत्तीचा जम बसेपर्यंत कोणाच्या तरी आधारानें राहणें शक्य झालें असावें. धर्मशास्त्रांतही आपत्कालीं परवृत्तीचा आश्रय करण्याची मोकळीक आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत हा विषय विस्तारानें येतो. म्हणजे वृत्ति सुटणें व दुसरी धरणें हा प्रसंग प्राचीनांस अपरिचित नव्हता. त्यासाठीं त्यांनीं नियमही केले होते.

(४) घाट, बैल आणि आगगाडी

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. कोंकणपट्टी आणि देश यांमधला माल शतकानुशतकें बैलांच्या पाठीवरून घाट चढे व उतरे. लमाणांचे तांडे हा धंदा करीत. १८३० मध्यें गव्हर्नर माल्कम याच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, आणि पाठीवरच्या ओझ्याची जागा बैलगाडी घेऊं लागली. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें आगगाडी धांवली. १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास आली. १८५६ मध्यें कल्याणपासून खोपोलीपर्यंत मार्ग झाला. विठ्ठलवाडीवरून जाणारा रूळ तो हाच. बोरघाटाचें चढणीचें काम १८५६ त सुरू होऊन एप्रिल १८६३ मध्यें पुरें झालें, आणि भर कामाच्या दिवसांत तेथें एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते.

तेहतीस वर्षांच्या अवधींत एकाच वाटेवर तीन उद्योग एकामागून एक आले. यांतून संधिकालाच्या तीन तऱ्हा दिसतात. गाडीवानाची स्थिति त्यांतल्या त्यांत बरी. लांबचा पल्ला आगगाडीनें घेतला, पण स्थानकापासून गांवापर्यंत माल नेण्यास गाडी लागतेच, किंबहुना माल वाढल्यानें अधिक लागते. त्याचें कौशल्य तेंच राहिलें, फेरी तेवढी आंखूड झाली. लमाणाचें तसें नव्हे. शेंकडों बैलांचा तांडा राखणें, चराऊ राने ठाऊक असणें, आडवाटेनें माल सुखरूप नेणें ही त्याची विद्या. आगगाडीस ती कोणत्याच बाजूनें उपयोगी नव्हती. वाफेच्या यंत्रावर कोळसा मारणारा किंवा सांधे बदलणारा मनुष्य रेल्वेनें निराळाच तयार केला. तिसरा तो घाटांतील मजूर. त्याचा उद्योग बुडाला नाहीं. तो पुरा झाला. बोगदा खोदून झाला म्हणजे खोदणाऱ्याची गरज संपते, आणि कामाच्या यशांतच त्याची बेकारी असते. अशा मजुरास पुढील बोगद्याच्या शोधांत निघावें लागतें.

रेल्वेमुळें कल्याण तालुक्यांत एकंदर काम वाढलें यांत संशय नाहीं. तथापि वाढलेलें काम ज्यांच्या हातचें गेलें त्यांच्याच हातीं आलें, असें यावरून सिद्ध होत नाहीं. एकूण आंकडा आणि एकेक मनुष्य हे दोन निराळे हिशेब आहेत.

(५) छावणी व वसाहत

दुसऱ्या महायुद्धांत विठ्ठलवाडीच्या पलीकडील माळावर लष्कराची मोठी छावणी उभारली गेली. तिला कल्याण कॅंप म्हणत. युद्ध संपलें आणि छावणीचें कामही संपलें. सैन्यांतून मोकळ्या होणाऱ्या लोकांस कामें लावून देण्यासाठीं हिंदुस्थान सरकारनें १९४५ मध्यें एक खातें काढलें; आपल्याकडील सेवायोजन कचेऱ्यांचा उगम त्यांत आहे. १९४७ च्या फाळणीनंतर त्यांचीं दारें निर्वासितांस, व १९४८ पासून सर्वांस खुलीं झालीं. बेव्हरिजचा उपाय अशा रीतीनें येथें आला.

त्याच रिकाम्या बरॅकींत सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस आणून ठेवण्यांत आलें. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. या लोकांचे उद्योग कोण्या यंत्रानें किंवा मंदीनें नव्हे, तर देशाच्या विभागणीनें एका फटक्यासरशीं तोडले. त्यांत व्यापारी होते, कारकून होते, जमीनदार होते, कारागीर होते. ज्याची विद्या व्यापाराची होती, त्याची दुकान-वखार गेली तरी घेण्या-देण्याची हातोटी त्याच्याबरोबर आली. जिन्नस किरकोळ असला तरी चालेल. घरांत लाटलेले पापड असोत कीं गाडींत विकावयाच्या लहानसहान वस्तु असोत, त्यांवर त्यानें पुन्हां आरंभ केला. ज्याची वृत्ति जमिनीवर होती, त्याची जमीन बरोबर येऊं शकत नव्हती. तेव्हां कौशल्य अंगाबरोबर चालतें कीं जागेस खिळलेलें असतें, यावर संधिकालाची लांबी पुष्कळशी अवलंबून राहते.

मंदसोरच्या श्रेणीशीं येथें एक साम्य आहे. हे लोक एका ठिकाणीं, एका भाषेचे, एकमेकांस ओळखणारे असे वसले. सरकारनें निवारा व कांहीं कर्जें दिलीं, मुंबईची बाजारपेठ रुळावरून तास-दीड तासावर होती, आणि मधला काळ काढण्यास आपसांतील उधारी होती. म्हणून पुष्कळांचा संधिकाल कांहीं वर्षांत सरला. तो सर्वांचाच सरला असें नाहीं; पण वसाहतीचा इतिहास लिहितांना यशस्वी झालेल्यांचीच नांवें पुढें येतात, आणि बरॅकींतच म्हातारे झालेले मागें राहतात.

(६) गिरणी व यंत्रमाग

मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. संप रीतसर मागे घेतल्याचें कधीं जाहीर झालें नाहीं. तो विरून गेला, आणि लाखाहून अधिक कामगारांस परत काम मिळालें नाहीं. त्यांतील अनेकांनीं परळ-लालबाग सोडून कल्याण-डोंबिवलीकडे बिऱ्हाडें हलविलीं, कित्येक कोंकणांत किंवा घाटावर गांवीं गेले.

कापड विणण्याचें काम संपानें देशांतून गेलें नव्हतें. येथून चार कोसांवर भिवंडींत यंत्रमाग खडखडत होते, आणि गिरण्यांचें उत्पादन घटल्यावर त्यांस काम वाढलें. मग गिरणीकामगार भिवंडीस कां गेला नाहीं ? कांहीं गेले. परंतु गिरणी म्हणजे एक काम नव्हे. कापूस पिंजणारा, सूत कातणारा, ताणा भरणारा, विणणारा, रंगविणारा, यंत्र दुरुस्त करणारा अशीं तिचीं अनेक खातीं. भिवंडीचा भर विणकामावर; तेथें कातणाऱ्याची विद्या निरुपयोगी ठरली. विणकरास माग ओळखीचा होता, परंतु गिरणींतील आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधि, रजा व संघ हें सोडून बारा तासांच्या व तुकड्यावर मजुरी देणाऱ्या शेडमध्यें जाणें हें त्यास पालट वाटलें नाहीं, उतरण वाटलें. तो कांहीं काळ गिरणीची वाट पाहत राहिला. बाहेरून पाहणारा अशास काम असून न करणारा म्हणतो. आम्ही त्यास तसें म्हणत नाहीं. कारण खालच्या कामांत एकदां उतरलेल्यास वरचें काम पुन्हां मिळणें अवघड असतें, हें अनुभवानें त्यास ठाऊक होतें.

पुढें १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें गिरण्यांच्या जमिनी विकण्यास व बांधण्यास वाट करून दिली. ज्या आवारांत कातखातें होतें, तेथेंच कचेऱ्या व मोठीं दुकानें उभीं राहिलीं. येथें स्थळाचें अंतर शून्य होतें. काम त्याच दारांत आलें; परंतु दारावर पहाऱ्यास उभें राहण्यापलीकडे जुन्या कामगाराच्या वांट्यास त्यांतील फारसें आलें नाहीं. त्याच्या मुलीस वा मुलास, शिकलीं असल्यास, कांहीं वर्षांनीं तेथें नोकरी लागली. घराचा संधिकाल संपला. बापाचा संपला नाहीं.

(७) रेयॉन व कागदाचें अंतर

आम्हीं अनेक वर्षें या भागांतील शाळेंत संस्कृत शिकविलें. वर्गशिक्षक या नात्यानें दरवर्षीं जून महिन्यांत प्रवेशअर्ज तपासण्याचें काम आम्हांकडे असे. अर्जांत पालकाचा व्यवसाय असा एक रकाना असतो. एकाच घरांतील दोन भावंडांचे अर्ज चार-पांच वर्षांच्या अंतरानें हातीं आले, म्हणजे हा रकाना बोलूं लागे. थोरल्याच्या अर्जावर "कारखान्यांत नोकरी" अशी ठसठशीत नोंद. धाकट्याच्या अर्जावर "रिक्षा", "वॉचमन", "मजुरी", कधीं नुसती आडवी रेघ. त्यासोबत फी-माफीचा अर्ज जोडलेला असे.

एका वर्षीं एक पालक आले. त्यांचा रकाना कोरा होता. बंद पडलेल्या एका कारखान्यांत ते होते, हें आम्हांस माहीत होतें, म्हणून "सध्यां काय लिहूं?" असें विचारलें. ते म्हणाले, "गुरुजी, कारखान्यांत कामगार असेंच लिहा. नोकरी सुटलेली नाहीं, कारखाना बंद आहे." टाळें पडून तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं. आम्हीं त्यांच्या म्हणण्याप्रमाणें लिहिलें, आणि मनांत त्यांची कींव केली. पुढें या विषयाचा विचार करूं लागल्यावर कळलें, कीं चूक आमचीच होती. त्यांचें उत्तर कायद्याच्या दृष्टीनें अगदीं बरोबर होतें.

तें कसें, हें कल्याणनजीकच्या मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या सार्वजनिक इतिहासावरून समजतें. ही कंपनी १९४६ मध्यें स्थापन झाली. आंबिवली स्थानकाजवळ कारखाना, त्यास लागून कामगारांची वसाहत, अशी ती एक लहान नगरीच होती. रेयॉन म्हणजे लांकडाच्या लगद्यापासून केलेलें रेशमासारखें सूत. लगदा दाहक क्षारांत भिजवितात, गंधकयुक्त द्रवाशीं त्याचा संयोग करून मधासारखा दाट रस करितात, आणि तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडांत सोडला म्हणजे त्याचे तंतु होतात. रस किती वेळ मुरूं द्यावा, कुंड केव्हां बदलावें, तंतु कां तुटतो, हें ज्ञान वीस वर्षांनीं हातांत येतें; आणि तें या एका धंद्याबाहेर कोठेंही चालत नाहीं. तसा दुसरा कारखाना जवळ एकच, शहाडचा सेंच्युरी रेयॉन. तो आपलीं माणसें सांभाळून होता. कौशल्य जितकें खोल, तितकें त्याचें क्षेत्र अरुंद. म्हणून साध्या हमालापेक्षां जाणता कारागीर संधिकालांत अधिक अडकतो.

नोव्हेंबर २००९ मध्यें मोहनेच्या कारखान्यास टाळेबंदी झाली. टाळेबंदी हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणें कामगार कमी करावयाचा, किंवा कारखाना कायमचा बंद करावयाचा, तर भरलेल्या प्रत्येक वर्षाबद्दल पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागे, आणि मोठ्या कारखान्यास त्यापूर्वीं सरकारची परवानगी घ्यावी लागे. टाळेबंदींत यांपैकीं कांहींच घडत नाहीं. कामगारास काढलेलें नसतें, म्हणून भरपाई देय होत नाहीं. काम नसतें, म्हणून वेतन मिळत नाहीं. नोकरी कागदावर चालू असते, म्हणून सेवेचा हिशेब पुरा होऊन उपदान हातीं येत नाहीं. तो कामावरही नसतो आणि कामांतून सुटलेलाही नसतो. मोहनेचें प्रकरण पुढें दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापर्यंत गेलें, जमीन नव्या मालकाकडे जाण्याची व्यवस्था झाली, आणि कामगारांच्या देण्यांचा वाद टाळेबंदीनंतर एक तप लोटलें तरी धुमसत होता.

यावरून आम्ही वर सांगितलेल्या चार अंतरांत पांचव्याची भर घालतों. तें कागदाचें अंतर. जुन्या उद्योगाशीं असलेला संबंध कागदोपत्रीं सुटत नाहीं, तोंपर्यंत नवा मनापासून जोडतां येत नाहीं. कामगार रिक्षा चालवितो, पण परवाना भाड्याचा घेतो. कारण कारखाना उघडला तर परत जावयाचें असतें. गांवीं जात नाहीं, कारण देणीं मिळण्याच्या यादींत नांव पाहण्यास येथें राहावें लागतें. नवी विद्या शिकण्यास जें भांडवल लागतें, तें त्याच्याच अडकलेल्या उपदानांत असतें. आमच्या पालकांनीं रकान्यांत जुनीच नोंद धरली, ती अभिमानानें नव्हे; "नोकरी सुटली" असें स्वतःच्या हातानें कोठेंही लिहून देणें त्यांस परवडण्यासारखें नव्हतें.

याच्या अगदीं उलट स्थिति वालधुनीच्या कांठीं दिसली. उल्हासनगरांत जीन्सचें कापड शिवण्याचा व धुण्याचा मोठा धंदा वाढला होता. नदीच्या प्रदूषणाचा वाद न्यायालयांत व हरित न्यायाधिकरणापुढें गेला, आणि २०१० नंतरच्या दशकांत धुलाईचे कारखाने बंद करण्याच्या आज्ञा निघाल्या. नदीच्या दृष्टीनें तें आवश्यकच होतें. तेथील मजूर बहुतेक ठेक्यावरचे व परप्रांतांतून आलेले. त्यांस अडकवून ठेवणारा कागद नव्हता, म्हणून ते लवकर पांगले. पण कागद नव्हता म्हणूनच त्यांस कोणी कांहीं देणेंही लागत नव्हतें. कागदाचें बंधन आणि कागदाचा अभाव, दोन्ही कामगारासच भोवतात.

(८) मधल्या काळाची सोय

तर मग उद्योगांचा पालट थांबवावा काय ? आमचें तसें म्हणणें नाहीं. लमाणांसाठीं रेल्वे थांबवितां आली नसती, आणि जीन्ससाठीं नदी काळी ठेवतां येत नाहीं. प्रश्न एवढाच, कीं पालटाचा लाभ सर्वांस आणि त्याचा खर्च मात्र थोड्यांस, ही वांटणी योग्य आहे काय.

प्राचीन काळीं हा खर्च श्रेणी सोसत असावी. पुढें एकत्र कुटुंब आणि गांवची जमीन यांनीं तो सोसला. गिरणीकामगार संपांत तगला तो पुष्कळसा गांवच्या तांदळावर. हे आधार आतां क्षीण झाले आहेत. त्यांच्या जागीं कायद्यानें कांहीं योजना केल्या. कामगार विमा महामंडळानें २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेंत बेकार विमेदारास भत्ता देण्यास आरंभ केला. २०१८ सालीं अटल विमित व्यक्ति कल्याण योजना निघाली. तींत प्रथम सरासरी वेतनाच्या चतुर्थांश व २०२० पासून निम्मा भत्ता, तोही अधिकांत अधिक नव्वद दिवस, आयुष्यांत एकदां, अशी तरतूद करण्यांत आली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंत कमी केलेल्या कामगारामागें मालकानें पंधरा दिवसांचें वेतन नवें कौशल्य शिकण्याच्या निधींत भरावें, असें कलम आहे. या सर्व तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांमागें धरलेला हिशेब पाहावा. कायद्याच्या मतें संधिकाल नव्वद दिवसांचा, आणि नवी विद्या पंधरा दिवसांच्या पगाराची. मोहनेचा संधिकाल बारा वर्षांहून मोठा निघाला. शिवाय टाळेबंदींतील कामगार कमी केलेला नसल्यानें, कमी केलेल्यांसाठीं असलेल्या तरतुदीच्या दारांतच तो अडतो.

तात्पुरती या शब्दाचा निकाल आतां लावतां येईल. उद्योगाच्या दृष्टीनें ही बेकारी तात्पुरती आहे, कारण उद्योग शंभर वर्षांचा हिशेब करितो. शहराच्या दृष्टीनें ती तात्पुरती आहे, कारण एका पिढीचें काम गेलें तरी दुसऱ्या पिढीस तें मिळतें. परंतु मनुष्याचें काम करण्याचें आयुष्य पस्तीस-चाळीस वर्षांचें. त्यांतील बारा वर्षें संधिकालांत गेलीं, आणि तीही चाळिशीनंतरचीं, तर त्यास तो शब्द लागू करणें सत्यास धरून नाहीं. इतिहासकारानें हा शब्द योजतांना कोणाच्या घड्याळानें काळ मोजला तें सांगितलें पाहिजे.

(९) उपसंहार

शेवटीं एक विनंति करून लेख पुरा करितों. लमाणांचे तांडे आपल्या वह्या मागे ठेवून गेले नाहींत. घाटांतील मजुरांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. म्हणून त्यांच्या संधिकालाविषयीं आज तर्कावरच समाधान मानावें लागतें. गिरण्यांच्या व रेयॉनच्या कामगारांविषयीं तशी स्थिति येऊं देऊं नये. त्यांच्या घरीं हजेरीपत्रकें, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचे उतारे, संघाचीं हस्तपत्रकें, टाळेबंदीच्या नोटिशीच्या प्रती, देण्यांच्या याद्या, सावकाराच्या चिठ्ठ्या अजून पेटींत आहेत. शाळांच्या कपाटांत प्रवेशअर्ज आहेत, आणि ते ठराविक वर्षांनीं रद्दींत जातात. आपण जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून मोडी रुमाल उतरवून आणतों, त्याच आस्थेनें हे कागद मिळवावे, त्यांच्या नकला कराव्या, आणि त्यांचे धनी हयात आहेत तोंवर त्यांच्या तोंडची हकीकत तारीखवार लिहून घ्यावी. एका रकान्यांतील नोंद कां बदलली व मध्यें किती महिने गेले, एवढें जरी शंभर घरांचें जमलें, तरी आज कोरें असलेलें तें प्रकरण लिहावयास आधार होईल.

आमच्या त्या पालकांचा अर्ज शाळेंत अद्याप असल्यास, त्यावर आमच्याच अक्षरांत "कारखान्यांत कामगार" असें लिहिलेलें सांपडेल. भावी संशोधकानें तो पुरावा म्हणून घेतांना सावध असावें : लिहितेवेळीं कारखान्याचें दार तीन वर्षें बंद होतें, आणि नोंद तरीही खोटी नव्हती.